लंडनचा महिना कसा निघतो?



आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, ताई, आम्ही तालुक्याला जायचं तर अर्ध्या तिकिटाच्या एसटीची वाट बघतो आणि तुम्ही लंडनच्या खर्चाच्या गोष्टी सांगता! पण गेल्या काही वर्षांत गटांच्या बैठकांमध्ये हा प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारला जातो. कुणाची लेक बीएस्सी झालेली असते, कुणाचा दीर इंजिनिअर, कुणाचा भाचा बीकॉम. परदेशातल्या विद्यापीठाचं पत्र येतं, घरात पेढे वाटले जातात आणि आठवड्याभरात आई बैठकीला येऊन हळूच विचारते, "ताई, गटातून जास्तीत जास्त किती उचलता येईल?"

म्हणून आज आपण एकच शहर घेऊ, लंडन, आणि एकच शिक्षण घेऊ, एका वर्षाची एमएस्सी किंवा एमए. आपण गटाच्या वहीत जसा जमा-खर्च मांडतो, तसा तिथला महिना मांडून बघू. जाऊ नका असं मी सांगणार नाही. जरूर जावं. पण आईची सही कर्जाच्या कागदावर पडण्याआधी तिला हा हिशेब तोंडपाठ असावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

पौंडाचा भाव रोज बदलतो. आपण हिशेबाला सोपं पडावं म्हणून एक पौंड म्हणजे १२० रुपये धरू.

बहुतेक घरांत चर्चा फीवरच थांबते. लंडनमधल्या पदव्युत्तर शिक्षणाची परदेशी विद्यार्थ्यांसाठीची फी साधारण २० हजारांपासून ३५ हजार पौंडांपर्यंत असते. आपण २५ हजार धरू. म्हणजे ३० लाख रुपये. हा आकडा सगळ्यांना माहीत असतो, कारण तो पत्रावर छापलेला असतो. न छापलेला खर्च असतो तो महिन्याचा. आणि घरं अडचणीत येतात ती या महिन्याच्या खर्चामुळे.

ब्रिटनचं सरकार व्हिसा देताना हाच प्रश्न विचारतं की, मुलगी तिथं खाणार-राहणार कशावर? नोव्हेंबर २०२५ पासूनचा नियम असा आहे की लंडनमध्ये शिकणाऱ्यानं महिन्याला १,५२९ पौंड, असे नऊ महिन्यांचे पैसे दाखवायचे. म्हणजे १३,७६१ पौंड, आपले साडेसोळा लाख रुपये. शिवाय फी भरायची राहिली असेल तर तीही दाखवायची. लंडनच्या बाहेर हाच आकडा महिन्याला १,१७१ पौंड आहे, म्हणजे नऊ महिन्यांचे १२ लाख ६५ हजारांच्या आसपास. देश तोच, पदवीही तशीच, आणि शहर बदललं की पावणेचार लाखांच्या वर फरक पडतो. मुलीला दोन ठिकाणांहून पत्र आलं असेल तर हा फरक कागदावर मांडून मगच शहर ठरवा.

आता या पैशांबद्दल एक बारकावा, जो गावाकडे फार जणांना माहीत नसतो. हे पैसे सलग २८ दिवस खात्यात असावे लागतात. एक दिवस जरी रक्कम खाली गेली तरी अर्ज नाकारला जाऊ शकतो. आणि खातं कुणाचं? मुलीचं स्वतःचं, नवरा असेल तर त्याचं, नाहीतर आईवडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचं. मामाचं, काकाचं, थोरल्या भावाचं खातं चालत नाही. मामा मदत करणार असेल तर पैसे आधीच मुलीच्या किंवा आईवडिलांच्या खात्यात यायला हवेत आणि तिथून २८ दिवस मोजायचे. घरातलं सोनं, जमिनीचं मूल्यांकन, जनावरं, यातलं काही दाखवून भागत नाही. बँकेनं मंजूर केलेलं शैक्षणिक कर्ज मात्र चालतं.

त्यावर आणखी दोन खर्च येतात. व्हिसाची फी पाचशे पौंडांच्या पुढे जाते. आणि तिथल्या सरकारी दवाखान्यासाठी आरोग्याचा आकार भरावा लागतो, विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड. वर्षभराच्या शिक्षणाला व्हिसा थोडा जास्त मुदतीचा मिळतो, म्हणून हा आकार दीड वर्षाचा, ११६४ पौंड, पडतो. दोन्ही मिळून दोन लाख रुपये धरून चाला. विमानाचं तिकीट वेगळं.

आता मुलगी लंडनला पोचली. महिना सुरू झाला.

सगळ्यात मोठा घास भाड्याचा. चारपाच जणांनी मिळून घेतलेल्या घरात एक खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर सामाईक, हे तिथलं नेहमीचं विद्यार्थ्यांचं राहणं. अशा एका खोलीला ८०० ते १,००० पौंड सहज लागतात. शहराचे एक ते सहा असे पट्टे आहेत. मधला पहिला, तो सगळ्यात महाग. बाहेर जावं तसं भाडं उतरतं, पण जाण्यायेण्याचा वेळ आणि पैसा वाढतो. आपण वीज-गॅससह ८५० पौंड धरू. म्हणजे एका खोलीचे महिन्याला १ लाख २ हजार रुपये. हा आकडा ऐकून छातीत धस्स होतं, मला माहीत आहे. पण तो आधी ऐकलेला बरा.

खाणं घरी शिजवलं तर १५० पौंडांत भागतं. साउथहॉल, वेम्बली, टूटिंग या भागांत आपल्या लोकांची दुकानं आहेत. तिथं तांदळाची आणि कणकेची मोठी पिशवी, डाळी, हळद-मसाला सगळं मिळतं. चौघींनी मिळून पोतं घेतलं तर स्वस्त पडतं, हे आपल्या गटाला वेगळं सांगायला नको. मोठ्या दुकानांत संध्याकाळी उशिरा, मुदत संपत आलेल्या मालावर पिवळी चिठ्ठी लावून भाव उतरवतात. ते घ्यायला तिथं कुणी लाजत नाही. बाहेर मात्र एक साधं जेवण दहा-बारा पौंडांच्या खाली पडत नाही. म्हणून जाण्याआधी मुलीला, आणि मुलाला तर नक्कीच, भाकरी नाही तरी वरण-भात, पोळी, दोन भाज्या यायलाच हव्यात. मुलगा जात असेल तर त्याला आजपासून चुलीपुढं बसवा. तिथं आई नाही आणि बहीणही नाही.

प्रवासाला १०० पौंड धरू. भुयारी रेल्वे महाग, बस स्वस्त. बसचं भाडं कितीही लांब गेलं तरी १ पौंड ७५ पेन्स, आणि एका तासात बस बदलली तर दुसरं तिकीट लागत नाही. विद्यार्थ्यांचं ओळखपत्राचं कार्ड काढलं तर आठवड्याच्या आणि महिन्याच्या पासावर ३० टक्के सूट मिळते. जरा लवकर निघून बसनं जाणारी मुलगी वर्षाला बरेच पैसे वाचवते.

फोन, वह्या-पुस्तकं, औषधं, साबण-तेल, कधी एखादा कपडा, याला १०० पौंड. हे सगळं मिळून झाले १,२०० पौंड. आपले १ लाख ४४ हजार रुपये. महिन्याला. आणि यात मौज काही नाही बरं का, हा काटकसरीचा हिशेब आहे.

पहिला महिना याहून जड जातो. खोली घेताना अनामत द्यावी लागते. तिथल्या कायद्यानं घरमालकाला साधारण पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेता येत नाही. आपल्या हिशेबात ती ९८० पौंड होते. ही अनामत घरमालकानं तीस दिवसांत सरकारमान्य योजनेत जमा करायची असते आणि तसा कागद भाडेकरूला द्यायचा असतो. तो कागद मागून घ्यायला मुलीला सांगा, नाहीतर खोली सोडताना पैसे परत मिळवताना फेऱ्या पडतात. शिवाय अंथरूण-पांघरूण, दोन भांडी, थंडीचा कोट. म्हणजे पहिल्या महिन्यात भाड्यासकट दोन हजार पौंड लागतात, अडीच लाख रुपये. हे पैसे वेगळे बांधून ठेवलेले असावेत.

आणि एक फसवणूक सांगते. फोनवर खोलीचे सुंदर फोटो येतात, भाडं कमी सांगतात आणि म्हणतात, आजच अनामत पाठवा, नाहीतर खोली जाईल. खोली न बघता, घरमालक न बघता, गावात बसून एक रुपया पाठवू नका. पहिले काही दिवस विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा ओळखीच्यांकडे राहून, खोली डोळ्यांनी बघून मग पैसे द्यावेत. घरमालक तिथला जामीनदार मागतो, आणि आपल्या ओळखीचं तिथं कोण असणार? काही विद्यापीठं अशा वेळी स्वतः जामीन राहतात. जाण्याआधीच मेल पाठवून विचारून घ्यावं.

काही खर्च टळतातही. घरातले सगळे पूर्णवेळ विद्यार्थी असतील तर तिथली घरपट्टी त्यांना लागत नाही, फक्त विद्यापीठाचा दाखला द्यायचा. आरोग्याचा आकार भरलेला असल्यामुळे डॉक्टरला दाखवायचे पैसे पडत नाहीत, मात्र पोचल्यावर लगेच जवळच्या दवाखान्यात नाव नोंदवायचं. औषधाला एका चिठ्ठीतल्या प्रत्येक औषधामागे ९ पौंड ९० पेन्स लागतात. दात आणि चष्मा मात्र महाग. म्हणून दाढ दुखत असेल तर इथंच काढून जावं आणि चष्मे दोन करून न्यावेत.

आता जमेची बाजू. "ताई, तिथं पोरं काम करून शिकतात ना?" हा प्रश्न हमखास येतो. हो, करतात. पण किती?

पदवीच्या पातळीवर शिकणाऱ्याला सत्र चालू असताना आठवड्याला २० तास काम करता येतं. त्याच्या वर एक तासही नाही. एमएस्सीच्या विद्यार्थ्याला उन्हाळ्यात प्रबंध लिहायचा असतो, तो काळही सत्रच धरतात, म्हणजे तेव्हाही २० तासच. २१ वर्षांवरच्यांना कमीत कमी मजुरी एप्रिल २०२६ पासून ताशी १२ पौंड ७१ पेन्स आहे. वीस तास रोजच्या रोज मिळाले तर महिन्याला अकराशे पौंड होतात. ऐकायला छान वाटतं. एजंट हाच आकडा सांगतो. म्हणतो, पोरगी स्वतःचा खर्च स्वतः काढेल.

पण शेतमजुरीचं आपल्याला माहीत आहे. रोज ३०० रुपये हजेरी म्हणून महिन्याला नऊ हजार होतात का? सगळे दिवस काम मिळत नाही. तिथंही तसंच आहे. पहिले दोनतीन महिने काम शोधण्यात, कागद होण्यात जातात. परीक्षा आली की तास कमी करावे लागतात. म्हणून हिशेबात आठवड्याला १२ तास आणि वर्षातले नऊ महिनेच धरावेत. महिन्याला ६६० पौंड, नऊ महिन्यांचे सहा हजारांच्या जवळपास, म्हणजे सात लाख रुपये. वर्षाचा राहण्या-खाण्याचा खर्च १४,४०० पौंड, म्हणजे सव्वासतरा लाख. त्यातून सात वजा केले तरी दहा लाख घरालाच पुरवायचे आहेत.

आणि वीस तासांच्या वर चोरून काम करण्याच्या फंदात कुणी पडू नये. रोख पैसे देतो म्हणणारा मालक कमी मजुरी देतो आणि पकडलं गेलं तर व्हिसा मुलीचा जातो, मालकाचा नाही. विद्यार्थी व्हिसावर स्वतःचा धंदा करता येत नाही. दुसऱ्याच्या नावाच्या ॲपवर जेवणाचे डबे पोचवणं हेही त्यातच येतं. वर्षाची फी, घरचं कर्ज, सगळं एका डब्यापायी जायला नको.

आता एकूण बेरीज करू. फी ३० लाख. वर्षाचा खर्च सव्वासतरा लाख. व्हिसा आणि आरोग्याचा आकार दोन लाख. विमानाचं तिकीट, अनामत, कोट-अंथरूण मिळून दोन लाख. झाले ५१ लाख. मुलीची कमाई सात लाख वजा केली तर ४४ लाख. हा आहे लंडनच्या एका वर्षाचा खरा आकडा, फी २५ हजार पौंड धरून.

आता गटात आपण कर्ज देताना काय विचारतो? "परतफेड कशातून करणार?" शेळी घेतली तर बोकड विकून, शिलाई मशीन घेतलं तर ब्लाउज शिवून. तोच प्रश्न इथं विचारायचा.

समजा बँकेनं ४० लाख दिले, व्याज दहा टक्के, मुदत १५ वर्षं. हप्ता येतो सुमारे ४३ हजार रुपये महिना. शैक्षणिक कर्जात शिकत असताना आणि पुढे साधारण वर्षभर हप्ता सुरू होत नाही, म्हणून घरचे निवांत असतात. पण हप्ता थांबला म्हणून व्याज थांबत नाही. ४० लाखांचं दहा टक्क्यांनी महिन्याचं व्याजच ३३ हजार होतं. दोन वर्षं काहीच भरलं नाही तर मुद्दल ४० चं ४८ लाखांच्या आसपास जातं आणि हप्ता साडेएक्कावन्न हजारांवर. म्हणून जमेल तेवढं व्याज पहिल्या महिन्यापासून भरावं. पाच हजार भरले तरी फरक पडतो.

तारणाचं असं आहे. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा मालमत्ता तारण मागत नाहीत, त्याच्या वर मागतात. काही बँका नावाजलेल्या विद्यापीठांच्या यादीसाठी बिनतारण मोठं कर्जही देतात, ती यादी आधी विचारावी. पण बहुतेक बँका शेतजमीन तारण घेत नाहीत. घर, बिनशेती प्लॉट, मुदत ठेव हे घेतात. आणि नेमकं इथंच आपल्याकडचं घर कात्रीत सापडतं. जमीन आहे पण बँकेला चालत नाही, प्रवेशाची तारीख जवळ आलेली, मग पडत्या भावानं विकायची नाहीतर सावकाराकडे जायचं. मैत्रिणींनो, सावकाराच्या व्याजावर लंडन शिकून होत नाही. महिन्याला तीन टक्के म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. कुठल्याही पगारात ते बसत नाही.

आणि गटाच्या पैशांचं? पासपोर्टचे दीड हजार, इंग्रजीच्या परीक्षेचे अठरा हजारांच्या आसपास, कागदपत्रांचा खर्च, यासाठी गटातून जरूर उचला. गटाचं कर्ज या कामाला शोभतं. फी आणि राहणं गटातून काढू नका, दहा बायकांची बचत एका व्हिसावर टांगू नका.

नोकरीचंही खरं सांगायला हवं. शिक्षणानंतर तिथं राहून काम शोधायला आतापर्यंत दोन वर्षं मिळत होती. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना ती दीड वर्षच मिळतील. त्यानंतर राहायचं तर परवाना असलेला मालक आणि ठरावीक पगाराच्या वरची नोकरी लागते. मिळते, पण सगळ्यांना मिळत नाही. म्हणून हप्ता ठरवताना मुलगी पुण्याला किंवा नाशिकला परत आली तर तिचा पगार किती असेल, तो आकडा धरा. त्यातून हप्ता निघत असेल तर सही करा. निघत नसेल तर आधी शिष्यवृत्तीचा दरवाजा वाजवा.

हे दरवाजे आहेत आणि ते आपल्यासाठीच आहेत. केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जाती, भटक्या-विमुक्त जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि परंपरागत कारागीर यांच्या मुलांसाठी आहे. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत हवं आणि त्यात ३० टक्के जागा मुलींसाठी ठेवलेल्या आहेत. शेतमजूर बाईच्या मुलीसाठी सरकारनं ठेवलेली जागा आहे ही! महाराष्ट्र सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. आदिवासी विकास विभागाची, इतर मागास बहुजन कल्याण विभागाची आणि सारथी संस्थेची अशाच योजना आहेत. ब्रिटन सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती दोन वर्षं नोकरीचा अनुभव असलेल्यांना मिळते, अर्ज ऑगस्टपासून सुरू होतात. या बहुतेक योजनांत फी आणि राहण्याचा भत्ता दोन्ही मिळतात. अट मोठी एकच: विद्यापीठ जागतिक क्रमवारीत वरचं लागतं आणि अर्ज प्रवेशाच्या बरेच महिने आधी करावा लागतो. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, गुणपत्रकं आधी काढून ठेवा. आणि शिष्यवृत्ती मिळाली तरी दोनतीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवा, कारण पहिला हप्ता पोचायला वेळ लागू शकतो.

आणि पैसे जुळलेच नाहीत तर? तर एक वर्ष थांबा. थांबणं म्हणजे हरणं नाही. आपल्याच इतिहासात बघा. बाबासाहेब आंबेडकर १९१६ मध्ये लंडनला शिकायला गेले. पण बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट ठेवून त्यांना परतावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात त्यांनी नोकरी केली, पगारातून पैसे साठवले. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, मित्र नवल भथेना यांनी कर्जाऊ रक्कम दिली आणि १९२० मध्ये बाबासाहेब पुन्हा लंडनला गेले. १९२३ मध्ये डीएस्सी मिळवली. तिकडे ते काटकसरीनं राहून ग्रंथालयात दिवसदिवस बसत होते आणि इकडे मुंबईत रमाई तुटपुंज्या पैशांत घर चालवत होत्या. ते राहत होते ते लंडनमधलं, किंग हेन्रीज रोडवरचं १० नंबरचं घर २०१५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं विकत घेतलं. तुमची मुलगी तिथं गेली तर तिला ते घर बघायला सांगा. ज्यांच्या पैशांची बाजू दोनदा तुटली, त्यांनी तिसरी वाट काढली. तिलाही एक वर्ष नोकरी करून, बचत करून, शिष्यवृत्तीचा अर्ज नीट भरून जाता येईल. प्रवेश पुढच्या वर्षावर ढकलता येतो का, हे विद्यापीठाला विचारता येतं.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. पैसा कमी पडला की दोन्हीकडे लपवाछपवी सुरू होते. मुलगी म्हणते, "आई, मी जेवले," आणि चार दिवस ब्रेडवर काढलेले असतात. खोली तापवायचं बिल नको म्हणून ती कोटातच झोपते. डिसेंबरात तिथं दुपारी चारला अंधार पडतो, हाडं गोठतात, अशा वेळी पोटाला आणि उबेला चिमटा काढला तर माणूस आजारी पडतो आणि वर्ष वाया जातं. आणि इकडे आई म्हणते, "आमचं ठीक आहे," आणि मंगळसूत्र गहाण पडलेलं असतं. दोघी एकमेकींना जपतात आणि दोघी बुडतात.

यावर उपाय आपल्याच वहीत आहे. गटात आपण दर महिन्याला सगळ्यांसमोर जमा-खर्च वाचतो. तसंच इथं करा. महिन्याची एक तारीख ठरवा. मुलीनं भाडं, खाणं, प्रवास, कमाई, शिल्लक लिहून व्हॉट्सॲपवर पाठवायचं. आईनं किती पाठवले, बँकेत व्याज किती भरलं, घरात काय गहाण आहे ते तिला सांगायचं. तिचं घड्याळ थंडीत आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं, म्हणजे आपली रात्रीची जेवणं झाली की तिची दुपार. तेवढा वेळ काढा. अडचण आलीच तर विद्यापीठात अडलेल्या विद्यार्थ्यांसाठी मदत-निधी असतो, तिथं अर्ज करायला तिला लाज वाटू नये. साउथहॉलच्या गुरुद्वारात लंगर आहे, तिथं कुणालाही जात-धर्म न विचारता जेवायला वाढतात. १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ लंडनमध्ये आहे, सणावाराला तिथं चार आपली माणसं भेटतात. मदत मागणं ही भीक नव्हे. आपण गटात अडीअडचणीला उचलतो आणि नंतर फेडतो, तसंच ते.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गटात कुणाच्या घरी असं पत्र आलं तर पुढच्या बैठकीत हे पाच प्रश्न विचारा. फी सोडून महिन्याला किती लागणार? त्यातले मुलगी खरोखर किती कमावेल? बँकेचं कर्ज कशाच्या तारणावर, आणि व्याज कधीपासून कोण भरणार? मुलगी भारतात परत आली तर हप्ता निघेल का? आणि कुठल्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरला? पाचही उत्तरं कागदावर आली की मग सही करा, आणि लेकीला हसतमुखानं विमानात बसवा.